गंज वरून आला की खालून?

ऐरोलीहून एकाने विचारलंय, थोडक्यात असं: "१९३२ फोर्ड थ्री-विंडो कूपचं १/२५ मापाचं प्लास्टिक मॉडेल किट घेतलं. मडगार्ड न लावता हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी हलकी केलेली जुनी गाडी, केली. जुनी, गंजलेली दाखवायची होती, पण व्हिडिओ बघून गंज चढवला तर गाडी चॉकलेटमध्ये बुडवून काढल्यासारखी दिसते. हेअरस्प्रेवर टॅमिया कंपनीचा ॲक्रिलिक रंग मारला, पातळ करायला हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर (लॅकरचं) घेतलं. दुसऱ्या दिवशी पाण्याने घासलं तर रंग हललाच नाही. शेवटी जुलैत कॅनमधला क्लिअर (वरचा पारदर्शक लॅकर) मारला, तो पांढरा पडला. काय काय चुकलं?"

यातले दोन प्रश्न रसायनाचे आहेत, ते पटकन मिटतील. चॉकलेटचा प्रश्न नजरेचा आहे आणि खरा वेळ त्यातच जातो, म्हणून त्यापासून सुरू करतो.

तुमचा फोटो पाहिला. बॉनेट, छत, दारं, डिकी, सगळीकडे एकाच जाडीचा, एकाच रंगाचा गंज. असा गंज कुठल्याच गाडीला येत नाही. हसत नाहीये, माझ्या पहिल्या हॉट रॉडला मीही हेच केलं होतं. तेव्हा मी वागळे इस्टेटमध्ये एका टूलरूमला होतो. मिठाईच्या खोक्यात कापूस घालून ती गाडी कौतुकाने कामावर नेली. शेजारच्या गाळ्यात टेम्पोचं डेंटिंग-पेंटिंग करणारे एक चाचा होते. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "ही काय पुरात बुडाली होती का?" मी म्हटलं, नाही. "मग एवढं पाणी आलं कुठून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी जाता-येता बेवारस गाड्या बघायला लागलो, ती सवय अजून आहे.

ठाण्यात गाडी खालून खाल्ली जाते. चार महिने पाऊस, बाकीचे आठ खाडीचा दमट वारा. दाराच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात. ती माती-पानांनी बुजली की पाणी आत साचतं आणि दार आतून बाहेर सडत येतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक निळी प्रीमियर पद्मिनी कित्येक वर्षं कडुनिंबाखाली उभी आहे. तिच्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली फुगे आलेत. एक फुगा अंगठ्याने दाबला तर रंग पापडासारखा मोडला. आत कोळशासारखे काळपट पापुद्रे, भिजून वाळलेल्या वहीच्या पानांसारखे एकावर एक. त्याभोवती गडद तपकिरी. मग कडेकडेने नारिंगी भुकटी, बोटाला लागते ती. आणि तिथून खाली, चांगल्या रंगावरून ओघळलेला पिवळसर डाग, वर रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला. दोन बोटं रुंदीच्या जागेत चार रंग, आणि त्यातला सगळ्यात उजळ रंग कडेला. जुना गंज गडद असतो, ताजा नारिंगी. बरेच जण उलट करतात, मध्ये नारिंगी आणि कडेला काळा. तसं केलं की उठून दिसतं खरं, पण खोटं दिसतं.

त्याच पद्मिनीचं छत पाहिलं तर रंग फिका पडलाय, पक्ष्यांनी घाण केलीये, पण पत्रा ठणठणीत आहे.

आता तुमची फोर्ड. हिची सगळी कहाणी दक्षिण कॅलिफोर्नियातली. १९३२ साली फोर्डने व्ही-८ इंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत घातलं, २२१ घन इंचाचं, ६५ अश्वशक्तीचं. काही वर्षांनी या गाड्या जुन्या बाजारात स्वस्त मिळायला लागल्या. पोरांनी त्या घेतल्या, वजन कमी करायला मडगार्ड काढून फेकली आणि मोहावी वाळवंटातल्या म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर पळवल्या. वेळ मोजण्यासाठी त्यांच्या क्लबांनी मिळून १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. अशा ठिकाणी पाऊस नावालाच. तिथे गाडी वरून भाजते. ऊन आधी रंगाची चमक खातं, मग रंग खातं, मग प्रायमर. उघड्या पत्र्यावर जो गंज येतो तो पातळ, मखमली, विटकरी असतो. तो पत्र्याला भोक पाडत नाही. बॉनेटवर, काचेपुढच्या पट्टीवर, डिकीच्या झाकणावर तो सगळ्यात जास्त. उलट दाराच्या तळाशी, सावलीत, मूळ रंग टिकून राहतो.

म्हणजे ठाण्याची गाडी आणि मोहावीची गाडी एकमेकींच्या उलट्या. आपण रोज ठाण्याचा गंज बघतो आणि तोच नकळत एल मिराजच्या गाडीवर चढवतो. शिवाय भाजलेला भागही सोडवत नाही, मग वरून-खालून दोन्हीकडून गंजवली की चॉकलेट होणारच.

एक अपवाद आहे आणि तो मला फार आवडतो. १९४९ पासून युटाहमधल्या बोनव्हिलच्या मिठागरावर हॉट रॉडवाल्यांच्याही शर्यती सुरू झाल्या. ओलं मीठ चेसिसला, ॲक्सलला, मडगार्ड नसल्यामुळे थेट दाराच्या खालच्या अंगाला चिकटतं. धुतली नाही तर ती गाडी आपल्या खाडीकाठच्या गाडीसारखीच खालून गंजते, फक्त गंजावर पांढरा थर असतो. तुम्हाला खालचा गंज दाखवायचाच असेल तर हे चोख निमित्त आहे.

तेव्हा ब्रश उचलण्याआधी एक ओळ लिहा. गाडी कुठे होती, किती वर्षं, कोणत्या दिशेला तोंड करून. मी किटच्या झाकणावर आतून पेन्सिलीने लिहितो. सध्या टेबलावर आहे तिच्यावर लिहिलंय, "एल मिराजजवळ, घरामागे, पाच उन्हाळे, डावी बाजू दक्षिणेला." दक्षिणेची बाजू जास्त विटणार, कारण तिथेही आपल्यासारखंच ऊन दक्षिणेकडून कलतं. एवढं लिहिलं की अर्धे निर्णय आपोआप होतात.

आता या गाडीच्या काही खास खोड्या, ज्या मी स्वतः चुकून शिकलो.

स्टिअरिंग डावीकडे आहे. हसू नका. ड्रायव्हरच्या दाराचा रंग हाताने झिजतो, म्हणून मी मन लावून उजवं दार झिजवलं. आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो ना! त्यातून थ्री-विंडो कूपची दारं मागे बिजागरी असलेली, म्हणजे पुढून उघडणारी. हँडल दाराच्या पुढच्या कडेला. झीज तिथे हवी. फाइव्ह-विंडोची (दारांमागे आणखी दोन काचा असलेल्या कूपची) दारं नेहमीसारखी पुढे बिजागरीवर, तिथे झीज मागच्या कडेला. किट कुठलं आहे ते बघून घ्या.

छताचा मधला भाग पत्र्याचा नाही. १९३२ च्या बंद फोर्डच्या छतात मध्यभागी कापडी तुकडा बसवलेला असायचा. किटमध्ये तो बारीक पोताचा दाखवलेला असतो. त्याला गंज लावला की जाणकाराच्या नजरेतून गाडी तिथेच उतरते. कापड करपतं, करडं पडतं, भेगाळतं, कडेने सुटतं. गंजत नाही. पुष्कळ हॉट रॉडवाल्यांनी ते काढून तिथे पत्रा वेल्ड केला. तसं दाखवायचं असेल तर पोत घासून सपाट करा आणि वेल्डची रेघ चौकोनात दाखवा. मग त्या पत्र्यावर हवा तेवढा गंज चढवा.

ॲल्युमिनियमही गंजत नाही, म्हणजे लालसर होत नाही. फ्लॅटहेड इंजिनावर (हेच ते फोर्डचं व्ही-८) बाहेरून घेतलेले फिन असलेले ॲल्युमिनियमचे हेड, तसंच इनटेक (कार्ब्युरेटरखालचा भाग), हे करडे-पांढुरके पडतात. त्यांच्या खाचांत तेलकट काळं बसतं. त्यावर गंज फासलेली मॉडेलं मी भरपूर बघितलीत, चांगल्या हातांची सुद्धा.

हे झालं नजरेचं. आता हाताचं.

आपल्याकडे ग्रिल बसवणारा येतो तेव्हा लोखंडाला आधी विटकरी रेड ऑक्साइड मारतो आणि मग ऑइल पेंट. ती ग्रिल दहा वर्षांनी बघा. रंग उडालाय तिथे थेट गंज दिसत नाही, आधी रेड ऑक्साइडची बारीक किनार दिसते आणि तिच्या आत गंज. गाडीवरही तेच हवं. जुन्या हॉट रॉड तर वर्षानुवर्षं नुसत्या प्रायमरवर फिरायच्या, करड्या किंवा विटकरी. म्हणून माझे थर खालून वर असे: गडद गंज, त्यावर स्पंजने ठिपके, लॅकर क्लिअरचं सील, हेअरस्प्रे, प्रायमरचा रंग, पुन्हा हेअरस्प्रे, वरचा रंग. प्रायमरचा थर सोडला तरी चालतं, पण मग ती किनार मिळत नाही, आणि ती किनारच डोळ्याला पटवते.

गडद गंजाला मी टॅमियाचा एक्सएफ-१० तपकिरी आणि एक्सएफ-१ काळा थोडा मिसळून घेतो. त्यावर एक्सएफ-६४ रेड ब्राऊन, मग एक्सएफ-९ हल रेड, शेवटी एक्सएफ-५२ फ्लॅट अर्थमध्ये चिमूटभर पिवळा. प्रत्येक रंग भांडी घासायच्या स्पंजच्या फाडलेल्या तुकड्याने, आधी कागदावर टिपून, मग बॉडीवर. स्पंज कापू नका, फाडा. कापलेल्या स्पंजचा ठसा सारखा येतो. आणि थांबा. हा सगळा थर पुढे ऐंशी टक्के झाकला जाणार आहे, त्यावर रविवार घालवू नका.

आता तुमचा हेअरस्प्रे. तो पाण्यात विरघळतो, सगळी युक्ती एवढीच. वरच्या रंगातून पाणी आत शिरलं पाहिजे, खालचा हेअरस्प्रे फुगला पाहिजे आणि वरचा रंग तिथे सुटला पाहिजे. तुम्ही दोन गोष्टी केल्यात ज्यांनी पाण्याची वाट बंद झाली. एक, एनसी थिनर. टॅमियाचा ॲक्रिलिक लॅकर थिनरने पातळ केला की फार सुंदर बसतो, पण खालच्या थराला चावून धरतो. एरवी मीही तसंच करतो, चिपिंगच्या (वरचा रंग असा सोलण्याच्या) वेळी मात्र कधीच नाही. तेव्हा नुसतं पाणी किंवा टॅमियाचं स्वतःचं एक्स-२०ए थिनर. दोन, रात्रभर ठेवलंत. त्या रंगाला जेवढा वेळ द्याल तेवढा तो हट्टी होतो. मी वीस मिनिटं ते अर्ध्या तासात सुरू करतो आणि दोन तासांत संपवतो. म्हणूनच एका बैठकीत पूर्ण बॉडी करत नाही. आज बॉनेट आणि पुढचा भाग, उद्या दारं.

हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, एका वितीवरून, मधे दहा मिनिटं. थेंब जमले तर वरच्या रंगाला भेगा पडतात. कॉस्मेटिकच्या दुकानातला साधा स्वस्त डबा चालतो. वरचा रंगही पातळ, खालचा गंज अंधुक दिसत असतानाच हात थांबवायचा. मग जिथे सोलायचंय तेवढीच जागा ओली करायची, नखाएवढी. पाणी ठेवून मिनिटभर काहीच करू नका. मग आखूड केसांचा जुना ब्रश घेऊन हलक्या हाताने टोचत राहा. पहिल्यांदा काही होत नाही आणि माणूस जोर लावतो. लावू नका. एकदम एक कोपरा उचलतो, सायीसारखा सुरकुततो, आणि मग ब्रश जिकडे नेता तिकडे रंग येतो. इथे खरी सावधगिरी हवी, कारण हात थांबत नाही, मजा येते. मी शेजारी टिश्यू ठेवतो आणि दर अर्ध्या मिनिटाला जागा कोरडी करून बघतो. ओला असताना सगळंच छान दिसतं.

मोहावीच्या गाडीला मोठे पापुद्रे सोलायचे नसतात, रंग विरत गेलेला हवा. तिथे टोचण्याऐवजी ओल्या ब्रशने गोल गोल घासा, म्हणजे रंग पातळ होत गंजात मिसळतो. बोनव्हिलच्या किंवा ठाण्याच्या गाडीला खालच्या कडेने तुटक, टोकदार चिप्स. एकच रसायन, पण हाताची चाल वेगळी.

मिठाचीही एक पद्धत आहे. ओल्या बॉडीवर जाडं मीठ भुरभुरायचं, वाळलं की रंग मारायचा, मग मीठ घासून काढायचं. छान खडबडीत चिप्स येतात. पण ठाण्यात जूनपासून ते मीठ बॉडीवर वाळतच नाही, बरणीतल्यासारखं पाझरत बसतं. थंडीत करा.

पांढऱ्या पडलेल्या क्लिअरचंही हेच, हवेत पाणी आहे. लॅकरचं द्रावक झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि गार पृष्ठभागावर हवेतला ओलावा धरतो. गार बाटलीवर धरतो तसाच. तो कोटच्या आत अडकला की धुकं. कॅनमध्ये हे जास्त होतं, कारण कॅनमधून रंगही गारच बाहेर येतो. धुकं हलकं असेल तर कोरड्या दिवशी रिटार्डर (हळू उडणाऱ्या) थिनरचा एक अगदी पातळ हात एअरब्रशने मारला की थर थोडा मऊ होतो, ओलावा निघून जातो आणि बहुतेक वेळा पारदर्शकपणा परत येतो. आधी चमच्यावर करून बघा. पुढच्या खेपेला बेडरूमचा एसी तासभर ड्राय मोडवर लावून रंग मारायचा भाग आणि रंग दोन्ही त्याच खोलीत ठेवा, मारून झालं की पुन्हा त्याच खोलीत वाळवा. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप हवाच. जुलैत माझा ट्रॅप दर पंधरा मिनिटांनी रिकामा करावा लागतो. नाहीतर एअरब्रशमधून मधेच पाण्याचा एक थेंब पिचकारीसारखा येतो, तोही नेमका बॉनेटवर. खरं सांगायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये मी ग्लॉस मारतच नाही. ते दोन महिने इंजिन, चेसिस, पॉलिश पेपर आणि पुटीचे.

वन बीएचकेतल्या माणसाला एक सूचना. गॅलरीत फवारलं तरी नाका-तोंडावर कापडी मास्क पुरत नाही, ऑरगॅनिक व्हेपरची काडतुसं असलेला घ्या. आणि स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टखाली लॅकर अजिबात नाही, शेजारी गॅस आहे.

गंजाची भुकटी बाहेरून मागवायची गरज नाही. जांभळी नाक्याच्या बाजारात गेरू मिळतो. गेरूतला लाल रंग आयर्न ऑक्साइडचाच आहे, म्हणजे गंजावर गंजच लावताय. दगडी खडा घेतलात तर खलबत्त्यात कुटा आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर १/२५ मध्ये एकेक कण खड्याएवढा दिसतो. गेरू लाल आहे, त्यामुळे वाळवंटी गंजाला तो जसाच्या तसा चालतो. ताज्या नारिंगीसाठी सॉफ्ट पेस्टलची पिवळी-नारिंगी कांडी पॉलिश पेपरवर घासून त्यात मिसळा. ऑइल पेस्टल नको, ते लोण्यासारखं फासतं. हळद टाकायचा मोहही नको. मी टाकली होती, खिडकीजवळच्या कपाटात काही आठवड्यांत तिचा रंग उडाला.

भुकटी कोरडीच ब्रशने ठेवायची, मग शेजारी टर्पेंटाइनचा एक थेंब टेकवायचा, तो स्वतः ओढला जातो आणि भुकटी धरून ठेवतो. वरून मॅट वार्निश मारू नका. मारलंत तर निम्मी भुकटी अदृश्य होते आणि मग माणूस दुप्पट लावतो. चॉकलेटकडे जाणारा हाही एक रस्ता आहे.

ओघळांसाठी कॅमलिनच्या ऑइल कलरच्या तीन ट्यूब पुरतात: बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ओकर. राम मारुती रोडवरच्या कुठल्याही मोठ्या स्टेशनरीत विचारा. रंग आधी पुठ्ठ्यावर तासभर ठेवा म्हणजे तेल शोषलं जातं आणि रंग मॅट वाळतो. बारीक ठिपका ठेवायचा आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवून पुसून घेतलेल्या ब्रशने सरळ खाली ओढायचा. ओघळ कुठून सुरू होतो ते ठरलेलं असतं: बिजागरी, हँडल, स्क्रू, रेडिएटरची टोपी. मधूनच, कारण नसताना सुरू होणारा ओघळ ठेवू नका. आणि उघड्या प्लास्टिकवर टर्पेंटाइन भरून सोडू नका, ताण असलेल्या जोडावर प्लास्टिक तडकतं. ॲक्सलचा सांधा माझ्या हातात असाच सुटलाय.

कुजलेलं भोक दाखवायचं असेल तर जाडीचा हिशोब आधी करा. खऱ्या गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर. किटच्या बॉडीची जाडी एक-सव्वा मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात पंचवीस-तीस मिलिमीटरची प्लेट. रणगाडा झाला तो! त्यात ड्रिलने भोक पाडलं की कडा जाड दिसते आणि सगळं सोंग उघडं पडतं. आतल्या बाजूने मिनी ड्रिलच्या गोल बरने (गोल डोक्याच्या बिटने), सगळ्यात कमी वेगावर, खरवडत जा. वेग वाढला की प्लास्टिक कापलं न जाता वितळतं. मधे मधे बॉडी बल्बसमोर धरा. प्रकाश आरपार लालसर दिसायला लागला की थांबा आणि बाहेरून सुईने टोचा. कडा आपोआप वेडीवाकडी येते. पण पुन्हा सांगतो, हे वाळवंटी गाडीवर नको.

छत चॉप करायचा, म्हणजे खांब कापून ठेंगणं करायचा, विचार असेल तर तो गंजाच्या कितीतरी आधी. खऱ्या गाडीचे तीन इंच म्हणजे इथे तीन मिलिमीटर. खांब कलते असल्यामुळे मधला तुकडा काढल्यावर वरचा भाग खालच्यावर बसत नाही, आखूड पडतो. खांब थोडे कलवून घ्या किंवा छत आडवं कापून मधे पट्टी घाला. भरायला एम-सील चालतं. घासायला जड आहे, पण एनसी पुटीसारखं महिन्याभराने आत बसत नाही.

इंजिनाबद्दल थोडं, कारण हॉट रॉडला बॉनेटच्या बाजू बहुधा नसतात आणि सगळ्यांची नजर तिथेच जाते. फ्लॅटहेडला आठ सिलिंडर असले तरी एका बाजूला एक्झॉस्टची तोंडं तीनच, मधल्या दोघांचं एक. डिस्ट्रिब्यूटर पुढे, खाली. नंतरच्या शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकला तो मागे असतो, आणि व्हिडिओत बहुतेक शेवीच दिसतात, म्हणून वायरिंग करताना गल्लत होते. प्लगची वायर खऱ्यात सात मिलिमीटर धरली तर इथे ०.२८. बिघडलेल्या इअरफोनच्या आतली मुलामा दिलेली तार बघा, जमून जातं. या इंजिनात एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकमधूनच जातात, त्यामुळे ते तापण्यासाठी बदनाम. म्हणून रेडिएटरच्या टोपीखाली उकळून सांडलेल्या पाण्याचा एक विटकरी-पांढरा डाग मी नेहमी देतो. छोटी गोष्ट आहे, पण ती गाडी चालली होती हे त्यातून कळतं. एक्झॉस्ट पाइपांना गंज मुक्तहस्ते द्या, तापून-निवून ते सगळ्यात आधी गंजतात.

धुळीचा रंग तुमच्या ओळीतल्या गावाचा. एल मिराजची धूळ फिकट बदामी. येऊरची लाल माती नको, घोडबंदर रोडची सिमेंटची करडी नको. टायर काळे नसतात, एक्सएफ-८५ रबर ब्लॅक मारा आणि रस्त्याला टेकणारा पट्टा पॉलिश पेपरवर घासून त्याचा तुकतुकीतपणा काढा. किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर वर्षानुवर्षं प्लास्टिकला टेकून राहिले की प्लास्टिक खातात. रिमच्या कडेला आधी क्लिअरचा हात द्या, आणि न बांधलेल्या किटमध्ये टायर वेगळ्या पिशवीत ठेवा.

राहिली तुमची चॉकलेटी बॉडी. ती टाकू नका. ॲक्रिलिक काढायला झाकणाच्या डब्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रात्रभर बुडवा आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. थिनरमुळे चावून बसलेला भाग राहील, राहू दे. एनसी थिनरने काढायला जाऊ नका, खालचं प्लास्टिकच विरघळेल. जो गंज निघणार नाही तो नेमका कुठे उरतोय ते बघून मग ओळ लिहा. खालच्या कडेला उरला तर गाडी बोनव्हिलहून आली. बॉनेटवर उरला तर एल मिराजहून. आणि दोन्हीकडे उरला तर चाकं काढा, तिला चार विटांवर ठेवा, वर कडुनिंबाची दोन वाळलेली पानं चुरून टाका. कोणीतरी ती हौसेने ठाण्यात आणली आणि कागदपत्रांत अडकून वीस वर्षं सोसायटीच्या मागे पडली, असं सांगता येईल. तेव्हा वरचं ऊनही आपलं आणि खालचं पाणीही आपलंच.